मधल्या फीचं ट्रॅव्हल कार्ड: फी एकाच फायद्यात निघत असेल तर घ्या, नाहीतर राहू द्या

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, क्रेडिट कार्डात रस नसेल तर खुशाल स्क्रोल करा, राग नाही.

"हे ट्रॅव्हल कार्ड घेऊ का गं?" हा प्रश्न मला सारखा येतो आणि गंमत म्हणजे तो कायम मधल्याच कार्डाबद्दल असतो. फुकटच्या कार्डात विचार करण्यासारखं काही नसतं, आणि ते सगळ्यात वरचं, धातूचं, जाडजूड फीचं कार्ड घेणारा माणूस कोणाला विचारायला जात नाही, त्याला एकतर परवडतं किंवा मिरवायचं असतं. अडकतो तो मधला. फी अशी की भरताना टोचते पण भरता येते, फायदे असे की यादी वाचताना वाटतं अरे वा हे तर फीच्या चौपट झालं. वर्षाला विमानतळावरच्या लाऊंजच्या थोड्या एन्ट्र्या, थोडे पॉइंट्स, थोडा इन्शुरन्स, एखादं हॉटेलचं व्हाउचर, सगळं थोडं थोडं. आणि माझं म्हणणं असं की ह्या "थोडं थोडं"मध्येच सगळा घोळ आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत वाचावं लागणार नाही. यादीतल्या सगळ्या फायद्यांची बेरीज करायचीच नाही. एकच फायदा निवडायचा, जो तुम्ही कार्ड नसतं तरी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन घेतला असता, आणि तेवढ्या एकट्याने फी निघते का बघायचं. निघत असेल तर डोळे मिटून घ्या, बाकीचं सगळं वरकमाई. निघत नसेल आणि तुम्हाला चार-पाच गोष्टी जोडून जोडून फी वसूल करावी लागत असेल, तर ते कार्ड तुमच्यासाठी नाही. कारण फी नक्की असते, ठरलेल्या तारखेला बिलात येते म्हणजे येतेच, आणि फायदे सगळे "जर" आणि "तर"वर लटकलेले असतात.

पहिली चूक लोक करतात ती तुलनेची. म्हणतात, ह्या कार्डावर मला खर्चाच्या २ टक्के मिळतात. बरं, मग? तुमच्याकडे आधीच एक बिनफीचं कॅशबॅक कार्ड असेल आणि ते दीड टक्का देत असेल, तर नवीन कार्डाने तुम्हाला दिला अर्धा टक्का. दोन नाही, अर्धा! आता फी १०० धरा, चलन कुठलंही घ्या, फरक पडत नाही. अर्ध्या टक्क्यातून १०० काढायचे तर २०,००० खर्च करावे लागतील, म्हणजे फीच्या २०० पट. आणि तेही नुसतं बरोबरीत यायला, फायदा त्याच्यानंतर सुरू. फरक पूर्ण एक टक्क्याचा असेल तर १०० पट. तुमची खरी फी घ्या, दोनशेने गुणा, आणि तो आकडा तुमच्या वर्षभराच्या खर्चाशेजारी ठेवून बघा. बऱ्याच जणांचा विषय इथेच संपतो.

आणि खर्च म्हणजे सगळा खर्च नाही हां. घरभाडं, टॅक्स, वॉलेटमध्ये पैसे टाकणं, असल्या गोष्टींवर बरीच कार्डं पॉइंट्स देतच नाहीत किंवा कमी देतात, आणि माणसाचा मोठा खर्च तिथेच असतो. शिवाय खर्च "ट्रॅव्हल" आहे की नाही हे तुम्ही ठरवत नाही, दुकानदाराच्या मशीनला लावलेला चार आकडी कोड ठरवतो. तुमच्या दृष्टीने तो प्रवास असेल, बँकेच्या सिस्टीममध्ये ते दुसरंच काहीतरी असतं आणि जास्तीचे पॉइंट्स गेले.

लाऊंजबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण लोक ह्याच्यावरच भाळतात. दारावर लिहिलेला एका एन्ट्रीचा भाव घेऊन त्याला वर्षाच्या एन्ट्र्यांनी गुणायचं आणि म्हणायचं बघा फी वसूल. अरे पण तो भाव तुम्ही कधी दिला असतात का? नसता दिला. तुम्ही बाहेर एक कॉफी आणि सँडविच घेतलं असतं, मग लाऊंजची तुमच्यासाठी किंमत तेवढीच, फार तर शांत खुर्चीचे थोडे वरती धरा. शांत म्हणते खरी, पण हल्ली इतक्या कार्डांवर लाऊंज मिळतो की कितीतरी ठिकाणी आत जायला रांग आणि आत गेल्यावर खुर्ची नाही. त्यात नवीन प्रकार म्हणजे आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच एन्ट्री, सोबतच्या माणसाचे पैसे वेगळे. घरचे चौघं प्रवास करत असतील तर एकट्याने आत जाऊन बसणार आहात का? बसा, मग घरी गेल्यावर काय होईल ते तुमचं तुम्ही बघा 😄

ह्याउलट ज्या गोष्टीबद्दल कोणी उत्साहाने बोलत नाही ती खरी कामाची असते, परदेशी चलनावरचा मार्कअप. बऱ्याच साध्या कार्डांवर दुसऱ्या देशात स्वाइप केलं की ३ टक्क्यांच्या आसपास जादा लागतात, काही ट्रॅव्हल कार्डांवर तो शून्य किंवा कमी असतो. तुमचं कामानिमित्त बाहेर जाणं असेल, मुलांची फी परदेशात भरायची असेल, तर ३ टक्के हा खरा पैसा आहे, पॉइंट नाही. १०० फी असेल तर साधारण ३,३०० च्या परदेशी खर्चात निघाली. हा झाला माझा तो "एकच फायदा". पण ह्यातही एक मेख आहे. परदेशात मशीनवर विचारतात, बिल तुमच्या देशाच्या चलनात करू का? बरं वाटतं ऐकायला, पण नाही म्हणा. तिथल्याच चलनात भरा. तुमच्या चलनात हो म्हटलंत की रेट त्या दुकानाच्या मशीनवाला लावतो आणि तो सहसा व्हिसा-मास्टरकार्डच्या रेटपेक्षा वाईटच असतो, आणि मग शून्य मार्कअपचं कार्ड असून उपयोग शून्य. अर्थात शून्य मार्कअपचं बिनफीचं कार्ड तुमच्या इथे मिळत असेल तर हाही मुद्दा बाद, ते आधी शोधा.

इन्शुरन्सचं थोडक्यात. बहुतेक वेळा तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असावं लागतं, आणि कागद वाचल्याशिवाय त्याला किंमत शून्य धरा. दुसरं म्हणजे जे कायद्यानेच मिळतं त्याचे पैसे कार्डाला देऊ नका. युरोपियन युनियनमधून सुटणारं विमान ३ तास किंवा त्याहून उशिरा पोचलं आणि कारण विमान कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो विमान कंपनी देणं लागते, २००४ चा नियम आहे तो, तुमच्या पाकिटात कुठलं कार्ड आहे ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान हरवलं तर मॉन्ट्रियल करारात विमान कंपनीची जबाबदारी ठरवलेली आहेच. कार्डाचा इन्शुरन्स ह्याच्या वर काय देतो तेवढंच मोजा.

आता पॉइंट्स. इथे माणसं अक्षरशः वेडी होतात. पॉइंटची किंमत काढायची पद्धत सोपी आहे: तिकिटाची रोख किंमत घ्या, त्यातून पॉइंट वापरूनही भरावे लागणारे टॅक्स आणि सरचार्ज वजा करा, उरलेल्याला पॉइंट्सनी भागा. तिकीट २०० चं, टॅक्स ४०, लागले १०,००० पॉइंट्स, तर १६० भागिले १०,०००. हे ४० वजा करायला लोक सर्रास विसरतात. आणि बिझनेस क्लासवाल्यांचं तर विचारू नका, "१,००० चं तिकीट मी पॉइंट्सवर काढलं" म्हणून फोटो टाकतात. भाऊ, तू ते तिकीट १,००० देऊन काढलं असतंस का? नाही. तू इकॉनॉमीचं अडीचशेचं काढलं असतंस, मग तुझे वाचले जास्तीत जास्त अडीचशे. मजा आली ना, मग मजा आली म्हण, वाचले म्हणू नकोस.

पॉइंट्सची दुसरी भानगड अशी की ते चलन आहे पण छापणारा आणि त्याची किंमत ठरवणारा एकच. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने ॲडव्हांटेज नावाचा मैलांचा (म्हणजे विमान कंपनीच्या पॉइंट्सचा) प्रोग्राम सुरू केला तेव्हा विमानात बसाल तेवढे मैल मिळायचे, सरळ हिशोब. १९८७ मध्ये त्याला क्रेडिट कार्ड जोडलं गेलं आणि मग विमानात न बसताही मैल मिळायला लागले. आता तर गंमत बघा, बँका विमान कंपन्यांकडून मैल घाऊक विकत घेतात आणि तो धंदा इतका मोठा झालाय की एकट्या डेल्टाला २०२३ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसकडून जवळपास ७ अब्ज डॉलर मिळाले. २०२० मध्ये विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा युनायटेडने स्वतःचा मैलांचा मायलेजप्लस प्रोग्राम तारण ठेवून अब्जावधी डॉलर उभे केले! म्हणजे तुम्ही जे गोळा करताय ते तारण ठेवण्याइतकं मौल्यवान आहे, पण त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी किती हे ते ठरवणार, आणि रातोरात बदलणारही. डेल्टाने २०१५ मध्ये कुठल्या प्रवासाला किती मैल लागतील ह्याचा तक्ताच काढून टाकला, युनायटेडने २०१९ मध्ये स्वतःच्या विमानांसाठी तेच केलं. मग मैल किती लागतील? त्या दिवशी वेबसाइट दाखवेल तेवढे. म्हणून पॉइंट्स साठवून ठेवणारे लोक मला कळत नाहीत, ह्याच्यावर व्याज मिळत नाही, घसारा मात्र ठरलेला.

बरं हे पॉइंट्स येतात कुठून? दुकानदार प्रत्येक स्वाइपवर जी फी देतो त्यातला मोठा वाटा तुमच्या बँकेला जातो, त्यातून. युरोपियन युनियनने २०१५ च्या डिसेंबरपासून क्रेडिट कार्डावरचा हा वाटा ०.३ टक्क्यांवर आणून ठेवला, अमेरिकेत क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, म्हणून अमेरिकेतल्या कार्डांचे बोनस बघून युरोपातल्यांनी हळहळण्यात अर्थ नसतो. उरलेला पैसा येतो व्याजातून, म्हणजे जे लोक पूर्ण बिल भरत नाहीत त्यांच्याकडून. तुम्ही त्यातले असाल, मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून बाकीचं पुढे ढकलत असाल, तर ही सगळी पोस्ट तुमच्यासाठी नाही, आधी ते फेडा, कुठलाही पॉइंट त्या व्याजाला पुरा पडत नाही.

वेलकम बोनस, म्हणजे नवीन कार्ड घेऊन ठरलेल्या मुदतीत अमुक खर्च केला की मिळणारे पॉइंट्स, त्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, तो चांगलाच असतो. पहिल्या वर्षी बोनस फीपेक्षा मोठा असेल आणि तुमचा नेहमीचाच खर्च त्या मुदतीत तिथपर्यंत पोचत असेल तर घ्यायला काहीच हरकत नाही. पण "अमुक खर्च केलात तर पुढच्या वर्षाची फी माफ" ह्या टप्प्याच्या मागे लागून नको असलेल्या वस्तू घेणारे लोक मी पाहिलेत. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. आणि कार्डाने हात सैल सुटतो हे काही फक्त माझं निरीक्षण नाही, प्रेलेक आणि सिमेस्टर ह्या अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी २००१ मध्ये प्रयोग छापला होता, बास्केटबॉल मॅचच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली, काहींना रोख भरायचंय म्हणून आणि काहींना क्रेडिट कार्डाने, तर कार्डवाल्यांची बोली जवळपास दुप्पट गेली. तिकीट तेच. तुम्ही अर्ध्या टक्क्यासाठी कार्ड बदलताय आणि हात पाच टक्क्यांनी सैल सुटला तर कोणाचा फायदा झाला?

मग हे कार्ड कोणी घ्यावं? ज्यांचा परदेशी खर्च खरोखर आहे. जे एकाच विमान कंपनीने जातात, दर वेळी बॅगेचे पैसे भरतात आणि कार्डावर ती बॅग फ्री आहे. ज्यांना हॉटेल कार्डावर दर वर्षी एक रात्र फुकट मिळते आणि त्या हॉटेलात ते तसेही पैसे देऊन राहतातच. "कधीतरी जाऊ" वाल्यांनी नाही, कारण ते कधीतरी व्हाउचरच्या मुदतीनंतर येतं, माझा अनुभव आहे, बहुतेकांचा असेल.

आणि घेतलंच असेल तर दुसऱ्या वर्षाची फी यायच्या आधीची तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा. बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट काढा, एकच फायदा निवडून बघा फी निघाली का. नसेल निघाली तर फोन करा आणि सरळ सांगा बंद करायचंय, बऱ्याचदा तिथेच फी माफ करतात किंवा बोनस देऊ करतात, नाही केलं तर त्याच बँकेच्या बिनफीच्या कार्डावर उतरवून मिळतं का विचारा, म्हणजे जुनं खातं चालू राहतं. बंदच करायचं ठरलं तर फोन लावायच्या आधी पॉइंट्स वापरून टाका किंवा विमान कंपनीच्या खात्यात हलवा, कारण बँकेकडे पडलेले पॉइंट्स बहुतेक ठिकाणी कार्डाबरोबर जातात, विमान कंपनीच्या खात्यात गेलेले राहतात. आणि हलवताना जायचं कुठे ते नक्की असू द्या, ते परत बँकेत येत नाहीत.