सुट्टीत दुसऱ्याची बॅग उचलून आणायची सोपी पद्धत

विमानतळावरून दुसऱ्याची बॅग घेऊन येणं वाटतं तितकं अवघड नाही, मी सहकुटुंब करून दाखवलंय, त्यामुळे हा सल्ला ऐकीव नाही.

सुरुवात खरेदीपासूनच करा. बॅग काळीच घ्या, मधल्या साइजची, म्हणजे बेल्टवर एकामागून एक तशाच पंधरा बॅगा येतात आणि प्रत्येक वेळी "आली आली" करत पुढे पळता येतं. ओळखायला हँडलला लाल रिबन बांधा. ही आयडिया जगात फक्त तुम्हालाच सुचलीय, निश्चिंत राहा.

मग चेक-इन. तिथे बॅगेला टॅग लावतात, त्यावर 10 आकडी नंबर असतो, आणि तोच नंबर छापलेलं एक छोटं स्टिकर तुमच्या हातात देतात किंवा बोर्डिंग पासवर चिकटवतात. ते कशाला देतात हे विचारायच्या भानगडीत पडू नका. मी त्यात मुलीचं बबलगम गुंडाळलं, गोंद असल्यामुळे फार छान गुंडाळलं जातं. नाहीतर मग उतरल्यावर दोन नंबर जुळवून बघत बसावं लागतं, त्यात पाच सेकंद जातात, आणि सुट्टीवर निघालेल्या माणसाकडे एवढा वेळ कुठला हो.

बेल्टपाशी पोचलात की "तुम्ही सगळे इथेच थांबा, मी आणतो" असं जरा मोठ्याने म्हणा, आजूबाजूच्यांना पण कळलं पाहिजे कुटुंबप्रमुख कोण ते. मग पहिली लाल रिबनवाली दिसली की झडप घालायची. इथे घरातली लहान मंडळी विघ्न आणतात. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्या बॅगेचं चाक मोडलंय ना? ही तर सरळ चालतेय." आता पोरांना काय कळतं, मी म्हटलं मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस, आणि बॅग ओढत ऐटीत बाहेर पडलो. खरंच सरळ चालत होती, इतकी की मला वाटलं इथली फरशीच चांगली आहे.

कुलपाचं पण आधीच बघून ठेवा. तीन आकडी कुलपाला 000 ते 999 असे 1000 नंबर लावता येतात, पण नवीन कुलूप सहसा 000 वरच येतं, ते तसंच राहू द्या, लक्षात राहतं. समोरच्यानेही लक्षात राहतं म्हणून तेच ठेवलेलं असतं. त्यामुळे त्याची बॅग तुमच्या नंबरने उघडते आणि उरलासुरला संशयसुद्धा फिटतो.

हॉटेलवर मी बॅग उघडली तर आत एकावर एक घडीचे शर्ट, मोजे वेगळ्या पिशवीत, पिशव्यांवर सोमवार मंगळवार लिहिलेलं. मी बायकोला म्हटलं, वा, यावेळी काय मस्त भरलीयस. ती म्हणाली, "मी कुठे? तूच म्हणालास ना, मी भरतो." पुढचं अर्धं मिनिट कुणीच काही बोललं नाही. मग आईने चिमटीत धरून एक ठिपक्या-ठिपक्यांची पोहायची चड्डी वर उचलली आणि विचारलं, "ही कुणाची रे?" नेमका तेव्हाच टॉवेल द्यायला आलेला पोरगा दारात उभा.

आता चूक मान्य करून मोकळं व्हाल तर मजा नाही. बॅग घेऊन परत विमानतळावर जा आणि काउंटरवर आधी आवाज चढवा, की तुम्ही लोकांनी आमची बॅग बदलली. मी तर जाताना टॅक्सीत वाचून घेतलं होतं, 1999 चा मॉन्ट्रियल करार, आंतरराष्ट्रीय प्रवासात 21 दिवसांत बॅग आली नाही तर नुकसानभरपाई मागता येते वगैरे, ते सगळं त्या बाईंना बोट नाचवून ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग वाकून माझ्याच पायाशी उभ्या बॅगेचा टॅग वाचला आणि म्हणाल्या, "सर, या बॅगेची तक्रार दीड तासापूर्वीच आलीय. तुमची बॅग त्यांच्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ स्वतः आमच्या हॉटेलवर आले. मी आदल्या दिवशीच्याच शर्टात. चिडलेला माणूस परवडतो, पण हे अतिशय सज्जन निघाले. आमची बॅग पुढे करत हळूच म्हणाले, "नाव सापडतं का बघायला उघडावी लागली, सॉरी. तुमचं एक बनियन ओलं होतं, सगळ्याला वास लागला असता म्हणून वाळत घातलं. वरतीच ठेवलंय घडी करून. आणि चाक जरा निघालं होतं, ते पण बसवलंय."

बायको माझ्याकडे बघत नव्हती, ते जास्त वाईट होतं. मुलीने बॅग एका बोटाने ढकलत लिफ्टपर्यंत नेली, एकदम सरळ, त्यामुळे मलाच शंका आली की ही नक्की आपलीच ना, म्हणून म्हटलं या वेळी नंबर जुळवूनच बघू. खिसे चाचपले. स्टिकर कालच बबलगमसकट कचऱ्यात गेलं होतं.