निकोबारचं जंगल हरियाणात उगवत नसतं

ग्रेट निकोबार बेटावरचं १३० चौरस किलोमीटर जंगल बंदर, विमानतळ आणि नव्या शहरासाठी द्यायचं आणि त्या बदल्यात हरियाणात झाडं लावायची, हा हिशेब ज्यांना पटतो त्यांनी एकदा आमच्या तिसरीतल्या पोरीशी बोलावं.

आम्ही रावेरकडचे, केळीवाले. हिवाळ्यात अंदमानला जाऊन आलो. पाहुणे म्हणत होते, जंगलच बघायचं तर पालला जा, आपला सातपुडा काय वाईट? वाईट कोण म्हणतंय! पण उन्हाळा लागला की आपल्याकडचा साग पानं झाडून मोकळा होतो. आपल्याकडे वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, तिकडे ३००० च्या घरात. दक्षिण अंदमानच्या जंगलात शिरल्यावर पोरगी पहिलं काय बोलली असेल? "पप्पा, इथला पाचोळा वाजत नाही."

खरंच वाजत नव्हता. ओला, काळा, बुरशी धरलेला. गाईडदादांनी पायानं थोडा बाजूला सारला तर खाली वीतभरही चांगली माती नाही. तापीकाठची भारी काळी जमीन बघितलेला मी, मला वाटलं होतं एवढी झाडी म्हणजे खाली सोनं असणार. उलटंच होतं. तिथली ताकद जमिनीत कमी, झाडांत आणि त्या कुजणाऱ्या पाचोळ्यात जास्त. झाड गेलं की पाऊस उरलेली माती धुऊन नेतो.

पुढे वाटेच्या कडेला रानकेळी. खाली पडलेलं बोटाएवढं केळं पोरीनं सोललं आणि ओरडली, "पप्पा, केळ्यात बिया!" मिऱ्यांसारख्या काळ्या, टणक. आमच्या घरी केळी म्हणजे टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं, सगळी एकाच वाणाची, म्हणून रोग आला की बागच्या बाग बसते. त्या रानकेळीतली प्रत्येक बी मात्र वेगळी. उद्या रोगाला दाद न देणारा वाण काढायचा झाला तर शास्त्रज्ञांना अशाच रानातल्या केळीकडे जावं लागतं. (हे रावेरच्या माणसाला तरी वेगळं सांगायला नको.)

रॉस बेटावर, म्हणजे आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर, चितळं अगदी जवळ येतात. पोरगी खूश. आपल्याकडे जंगलात चितळ दिसलं तर दिवस सार्थकी लागतो. पण गाईडदादा म्हणाले, हे इथलं नाहीच, इंग्रजांनी शिकारीसाठी आणून सोडलं. बेटावर वाघ-बिबट्या मूळचेच नाहीत, त्यामुळे चितळं वाढत गेली आणि अंदमानच्या जंगलात कोवळी रोपं खात सुटली. तिचा पुढचा प्रश्न सरळ होता: "मग इथे हरीण चांगलं की वाईट?"

याचं उत्तर जागेप्रमाणे बदलतं, आणि पर्यायी वनीकरणाच्या, म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावण्याच्या कागदात नेमकी जागाच नसते. एवढी झाडं गेली, एवढी लावली, मामला खतम. ग्रेट निकोबारवर तुटणाऱ्या झाडांचा सरकारी अंदाजच साडेनऊ लाखांच्या वर आहे. तिथल्या गलाथिया खाडीत अंडी घालायला येणारी चामडी पाठीची महाकाय कासवं हरियाणात कुठे जाणार? त्या जंगलात राहणाऱ्या शोंपेन आदिवासींनी काय करायचं?

बंदर हवं की नको यावर खुशाल भांडू. देशाच्या संरक्षणासाठी ते हवं, हा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण भरपाई झाली हे नका सांगू. जंगल कायमचं गेलं, असं त्या कागदावर स्वच्छ मराठीत, हिंदीत, इंग्रजीत लिहा आणि मग सही करा.