दर पंधरा मिनिटांनी

काल रात्री लेकीबरोबर एका अमेरिकन हॉस्पिटल मालिकेचा भाग पाहिला आणि तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. मोटारीच्या धडकेत सापडलेला माणूस स्ट्रेचरवरून आत येतो, मॉनिटरवरची रेघ सरळ होते, डॉक्टर छातीला विजेचा झटका देतात, रेघ पुन्हा उसळते आणि लगेच सगळे ऑपरेशन थिएटरकडे धावत सुटतात. लेकीने विचारले, ‘‘बाबा, काकाला असंच वाचवलं होतं का?’’

नाही. रेघ पूर्ण सरळ झाल्यावर झटका देतच नाहीत. छाती दाबत राहतात आणि रक्त आत कुठे साचते आहे ते शोधतात.

धाकट्या भावाची दुचाकी सातारा रस्त्यावर घसरली, हँडलचे टोक डाव्या बरगड्यांखाली रुतले आणि तो कपडे झटकून उभा राहिला. रक्ताचा थेंब नाही. पोटावर फक्त रुपयाएवढा निळसर गोल वण. मुका मार आहे, घरी जाऊन शेकू, असे मीच म्हणालो होतो. त्याच्या मित्राने माझे ऐकले नाही, हे आमचे नशीब.

पहिल्या सोनोग्राफीत काहीच दिसले नाही. तरीही तो वण पाहून डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतले आणि सिस्टर दर पंधरा मिनिटांनी येऊन नाडी व रक्तदाब कागदावर लिहू लागल्या. नाडी 92, मग 104. येथे कोणी काही करतच नाही, असे वाटून मी त्या तरुण डॉक्टरांवर सर्वांदेखत ओरडलो. उपचार म्हणजे धावपळ, हे मला टीव्हीनेच शिकवले होते.

म्हणूनच या मालिकांचा मला संताप येतो. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तील 290 जखमींची अमेरिकेतील खऱ्या रुग्णांच्या नोंदींशी तुलना 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. मालिकेत शंभरातील 71 जण अपघात विभागातून थेट ऑपरेशनला जात होते, प्रत्यक्षात 25. असे पाहत वाढलेला नातेवाईक, शांतपणे नाडी मोजणाऱ्या डॉक्टरला निष्काळजी समजणार नाही तर काय? चाळीस मिनिटांच्या भागात सहा तासांची वाट दाखवता येत नाही, हे मान्य. पण एकदा तरी नुसती मोजलेली नाडी दाखवा!

नाडी 118 झाली तेव्हा रक्तदाब ठीकच होता. आत रक्त वाहत असताना तरुण शरीर बराच वेळ दाब सावरून धरते, वेग आधी नाडीचा वाढतो. सिस्टरांनी तो आकडा तळहातावर लिहिला आणि त्या डॉक्टरांना शोधायला गेल्या. दुसऱ्या सोनोग्राफीत प्लीहेभोवती, म्हणजे डाव्या बरगड्यांखालच्या मऊ अवयवाभोवती, रक्त दिसले, सीटी स्कॅनमध्ये चीर. दाब टिकून असल्यामुळे ऑपरेशन टाळले; रक्ताच्या पिशव्या तयार ठेवल्या, पुन्हा पुन्हा हिमोग्लोबिन तपासले आणि पाच दिवस आयसीयूतील खाटेवरून त्याला उठू दिले नाही. आज तो धडधाकट आहे.

सहाव्या दिवशी मी त्या डॉक्टरांची माफी मागायला गेलो. ते एका म्हाताऱ्या बाईंचे मनगट धरून घड्याळाकडे पाहत होते. त्यांनी दुसऱ्या हाताने मला थांबण्याची खूण केली आणि मी थांबलो.