घेवडा काढायचा राहिलाय

आज दुपारी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या एका रजिस्टर ऑफिसात एका अक्काचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता. चारदा ठेवला. पदरानं पुसून झाला, ओला करून झाला. बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या. साठीच्या घरातली बाई, कोरेगावकडची. नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी आली ती पंचवीस वर्षं बापाचंच रान कसत राहिली, बाप अंथरुणाला खिळल्यावर त्याचं सगळं तिनंच केलं. ज्या रानात खुरपून ठसे झिजले, त्याच रानाचं हक्कसोडपत्र करून द्यायला तिला आणलं होतं. दोघे भाऊ मुंबईहून गाडी करून आले होते.

तेव्हापासून डोकं भणभणतंय.

थोरला तिला पायरीवर समजावत होता, "तुझं लगीन चौऱ्याण्णवच्या आधीचं. कायद्यानं तुला काय बी येत न्हाय. नुसता अंगठा द्यायचाय." अरे, तिला काहीच येत नाही तर तिच्याकडून सोडवून काय घेतोयस? नसलेला हक्क सोडवायला मुंबईहून गाडी करून कुणी येतं का?

तो म्हणाला ते अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्यानंच बायका फसतात. १९३७ च्या कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या इस्टेटीत हिस्सा मिळाला, पण हयातीपुरता. १९५६ ला मुलगी बापाची वारस झाली, तरी वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क मुलग्यालाच राहिला. २२ जून १९९४ ला महाराष्ट्रानं तो मुलीलाही दिला, त्याआधी लग्न झालेल्यांना मात्र वगळलं. थोरला नेमका इथं येऊन थांबला. पुढं ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राच्या दुरुस्तीनं ती लग्नाची अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ च्या त्या दिवशी बाप हयात असायलाच हवा असंही नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप किंवा विक्री झाली असेल तर ती उकरता येत नाही, आणि बापाच्या स्वकष्टार्जिताचं मृत्युपत्र असेल तर गोष्ट वेगळी. या घरात दोन्ही नव्हतं. तीन एकर वडिलोपार्जित रान, आई आधीच गेलेली, आता बापही गेला, तिघं भावंडं. अक्काचा एक एकर सरळ होता.

आपल्या जिल्ह्याला ताराराणींचा वारसा सांगायला आवडतो. सावित्रीबाई नायगावच्या, म्हणून ३ जानेवारीला भाषणं होतात. २०११ ला याच जिल्ह्यात 'नकुसा' नावाच्या २८५ मुलींना नवी नावं दिली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं सगळ्यांच्या. आणि सातबाऱ्यावरचं नाव? ते खोडताना कुणाच्या डोळ्यांत येतं पाणी?

पूर्वी थोरल्याच्या नावापुढं 'ए.कु.मॅ.' लिहिलं की संपलं, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर तो, बहिणी गायब. नाहीतर बहिणींना सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या बाजूच्या रकान्यात ढकलायचं. तसं असेल तर आजच उतारा काढा. नाव भोगवटादार म्हणून, म्हणजे जमिनीची धारक म्हणून, वर लागलं पाहिजे. आता वारसनोंदीचा अर्ज सरकारच्या ई-हक्क या ऑनलाइन सेवेवर होतो, आणि चोरी होते ती प्रतिज्ञापत्रात: वारसांच्या यादीत मुलीच लिहीत नाहीत. हरकतीला पंधरा दिवस असतात, पण नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते आणि भाऊच घेतो. तिथून सुटलं तर आधार सासरच्या नावाचं, शाळेचा दाखला माहेरच्या, दोन्ही एकच बाई हे सिद्ध करता करता ती दमते. म्हणून बाप गेल्यावर महिन्याभरात स्वतः तलाठ्याकडं जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मंडलाधिकाऱ्यानं चुकीची नोंद मंजूर केली तर साठ दिवसांत प्रांतांकडं अपील करता येतं. उशीर झाला तर कारण देऊन विलंबमाफी मागा. आणि फेरफारात, म्हणजे तलाठ्याच्या बदलांच्या नोंदवहीत, नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही. ती नोंद महसुलापुरती असते.

नोंदणीकृत हक्कसोडपत्र मात्र तसं नाही. एकदा झालं की दिवाणी कोर्ट, आणि फसवणूक झाली हे आपणच शाबीत करायचं. मसुदा आदल्या दिवशी मागा. शेवटचं मिळकतीचं परिशिष्ट कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. तोंडी सांगतात एक गट, लिहिलेले असतात सगळे, घरसुद्धा. जमिनीचे तुकडे पडतात म्हणून बहिणीनं सोडायचं, हे तर ऐकवतच नाही. सामाईकात नाव ठेवायला कोण तुकडे पाडायला सांगतंय?

बापाच्या आजारपणात थोरल्यानं पैसे पाठवले होते, अक्कानंच सांगितलं. बरं, मान्य. ते पैसे हिशेबात धरा की. पंचवीस वर्षांची खुरपणी पण धरा मग.

राग तिच्यावर येत नाही. साहेबांनी विचारलं, "राजीखुशीनं देताय ना?" तिनं आधी भावाकडं बघितलं, मग मान हलवली. भावाचं दार बंद झालं तर तिला जायला दुसरं दार नाही. हे तिला आपल्या सगळ्यांपेक्षा नीट कळतं. बहिणीला एक एकर देऊनही भाऊबीज होते, हे तिला आजवर कुणी दाखवलेलंच नाही.

पाचव्यांदा करंगळीशेजारच्या बोटाचा ठसा मशीननं घेतला.

बाहेर आल्यावर धाकट्यानं तिच्या हातात साडीची पिशवी दिली. तिनं ती काखेत मारली आणि थोरल्याला विचारलं, "दादा, वरच्या तुकड्यातला घेवडा काढायचा राहिलाय. तेवढा काढू का?"