उभो रवांदे, म्हाराजा

आज सकाळी शेजारचे आबा माझ्याकडून एक नारळ आणि एकावन्न रुपये घेऊन गेले. नवस फेडायचा म्हणून. नवस मी बोललो नव्हतो, माझ्या वतीने परस्पर बोलला गेला होता. आणि ज्या कामासाठी बोलला गेला ते काम रातोरात पुन्हा शून्यावर आलं होतं. हे आबांना समजावायला गेलो तर आईच म्हणाली, "देवाच्या पैशाक मागे-फुडे बघू नये."

काम तसं सांगण्यासारखं नाही. पुण्याच्या ऑफिसात रोज रात्री दहा-बारा कामं एकामागून एक चालतात. विक्रीचे आकडे ओढा, साफ करा, रिपोर्ट काढा. आधीचं फसलं तर पुढचं सुरू करू नका, तीनदा करून बघा, नाहीच जमलं तर कुणाला तरी झोपेतून उठवा. ही मुकादमी करणारे सर्व्हर असतात. एअरफ्लो, प्रीफेक्ट ही त्यातली नावाजलेली मंडळी. आमच्याकडे प्रीफेक्ट. तो क्लाऊडवर कंटेनरमध्ये चढवायचा होता. "एक स्क्रिप्ट तर चालवायचीय," साहेब म्हणाले. त्यातला 'तर' मला अजून पचलेला नाही. स्क्रिप्ट म्हणजे सर्व्हर चढवण्याच्या आज्ञांची यादी. ती दोनशे ओळींची, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला, आणि तिच्यात कॉमेंट एकच: 'हात लावू नये'.

जूनचा पहिला आठवडा, बाहेर वारा, आणि लाईट गेलेली. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यामुळे आमची पडवी म्हणजे वाडीचं चार्जिंग स्टेशन. आबा जुने तांडेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी वर ओढलेली, माणूस एकदम मोकळा. मोबाईल प्लगला लावून ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"काय करतंस रे?"

"कंटेनर चढवतंय, आबा."

इथेच चुकलो. नुसतं 'काम करतंय' म्हणायला हवं होतं. आबांच्या चुलतभावाचा झील न्हावाशेवाला क्रेनवर आहे.

"किती फुटी? वीस काय चाळीस?"

"तसो नाय. ह्यो कंपुटरातलो."

"भरलंस काय तेच्यात?"

"सर्व्हर."

"वजन?"

"साताठशे एमबी."

आबांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे रिकामोच."

खरं तर नाव तिकडूनच आलंय. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल-एक्स' नावाचं जहाज अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ डबे घेऊन निघालं. डब्यात काय आहे याच्याशी चढवणाऱ्याला देणंघेणं नाही, डबा उचलला की झालं. सॉफ्टवेअरवाल्यांनी तीच युक्ती उचलली. हे मी आबांना रंगवून सांगितलं. ते म्हणाले, "अठ्ठावन? आणि तू एक चढवूक तीन तास लावलंस."

मग मी त्यांना खूश करायला म्हणून सांगितलं की हे कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस नावाचं एक प्रकरण आहे, आणि ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे तांडेलच.

"मगे तेका कित्याक नाय बोलावलंस?"

"तेचो खर्च परवडणा नाय."

"बरोबर आसा," आबा म्हणाले. संध्याकाळभरात आमचं एकमत झालं ते एवढंच.

इमेज, म्हणजे ज्यातून कंटेनर उभा राहतो तो बांधलेला गठ्ठा, वर चढत होती मोबाईलच्या नेटवर. लाईट जास्त वेळ गेली की टॉवरही मान टाकतो. पुण्याचे सहकारी म्हणतात, "मजा आहे बुवा, समुद्रकिनारी बसून काम." त्यांना एकदा माडाच्या झावळात अडकलेली वायर दाखवायची आहे. चौथ्यांदा चढवणं तुटलं तेव्हा आबांना राहवलं नाही. "थांब, गाऱ्हाणा घालतंय." चप्पल काढून ते तुळशीकडे तोंड करून उभे राहिले. "खंय चढवतंस? देवाक पत्तो लागतलो."

"मुंबयत."

"मुंबयत खंय?"

क्लाऊडवाल्यांनी मुंबईला दिलेलं नाव स्क्रीनवर होतं, तेच वाचलं. "एपी-साउथ-१. आशिया पॅसिफिक, दक्षिण, एक."

आबांनी जोडलेले हात सोडले. "दक्षिण? मुंबय आपल्या उत्तरेक, मेल्या. दक्षिणेक गोंया."

"तेंच्या हिशोबान दक्षिण."

"तेंचो हिशोब तेंका. देव हंयसून सुटतलो. दक्षिणेक धाडलंय तर गोंयात पोचतलो. थंय जावन काय करतलो तो?"

मी म्हटलं, नुसतं मुंबई म्हणा. छे! कागदावर एक आणि गाऱ्हाण्यात दुसरंच, हे आबांना चालत नाही. सातबाऱ्यात घोळ होतात ते असेच. दहा मिनिटांनी तोडगा निघाला.

"बा देवा म्हाराजा! मुंबय म्हणान जी उत्तरेक आसा, पण कागदावर दक्षिण म्हणान लिवलेली आसा, थंय ह्या लेकराचो रिकामो डबो चललो हा. तो उभो रवांदे, कोणाची नजर लागा नको, आणि लाईट येवंदे रे म्हाराजा!"

आतून आई म्हणाली, "होय म्हाराजा!" मीही म्हणालो. सवय.

लाईट आली. हे मान्य करावं लागेल.

इमेज चढली, पण सर्व्हर काही उठेना. मग दिसलं की स्क्रिप्टीच्या निम्म्या भागात यूएस-ईस्ट-१ लिहिलेलं. इमेज मुंबईत चढत होती आणि चालवणारा तिला अमेरिकेत, उत्तर व्हर्जिनियात शोधत होता. पत्त्याच्या वादामुळे हे सापडलं, असं आबा आता वाडीभर सांगतात. मला ते दिसणारच होतं. ते दुरुस्त केलं तर एक्झिट कोड १३७. म्हणजे मेमरी पुरली नाही आणि वरून मुडदा पाडला. ५१२ एमबीचे दोन जीबी केले. पावणेबाराला हिरवा दिवा लागला: 'हेल्दी'. आबा जांभई देत म्हणाले, "एक नारळ, एकावन रुपये," आणि चार्ज झालेला मोबाईल घेऊन गेले.

रात्री तीनच्या सुमारास कंटेनर कशाने तरी मेला आणि ठरल्याप्रमाणे त्याच्या जागी नवा उभा राहिला. पण डेटाबेस कंटेनरच्या पोटातच, एसक्यूलाईटच्या फायलीत. बाहेरच्या, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसचा पत्ता देणारी ओळ स्क्रिप्टीत बंद करून ठेवलेली. डबा गेला तसं सगळं गेलं: वेळापत्रकं, नोंदी, संध्याकाळभर भरलेलं सगळं. सकाळी साहेबांचा फोन. रिपोर्ट आला नाही. मी कारण सांगू लागलो तर म्हणाले, "पण इथे हेल्दी दिसतंय ना?" दिसतंय. पोर्टवर कुणी 'ओ' देतंय एवढंच ती तपासणी बघते. ओ देणाऱ्याला स्वतःचं नाव तरी आठवतंय का, हे कोण विचारणार! स्क्रिप्ट लिहून गेलेल्या माणसाला म्हणे निरोपाला केक कापला होता.

फोन ठेवतो तोच दारात आबा.

"उभो आसा मां?"

"उभो आसा, आबा. पण तेका कायच आठवणा नाय."

"उभो रवांदे, इतक्याच मी सांगितलंय. आठवणीचा तू सांगूक नाय." त्यांनी नारळ कानाशी धरून हलवून बघितला. "तेका येगळो नारळ लागतलो."