"शाळेत टॅक्स शिकवत नाहीत" म्हणणाऱ्यांनी आधी नववीचं पुस्तक उघडा

तो फॉरवर्ड परत फिरतोय, "शाळेने पायथागोरस शिकवला पण टॅक्स नाही, ईएमआय नाही. आयुष्यात लागतं ते भाजीच्या हिशोबापुरतं गणित, बाकी काढून टाका." आमच्या ग्रुपवर शिक्षकांनी पण त्याला अंगठे दिलेत म्हणून लिहितेय.

एक तर हे खरं नाहीये. तुमच्या वेळी नसेलही, पण राज्य मंडळाच्या 2017 च्या नववीच्या गणित भाग 1 मध्ये अर्थनियोजन हे अख्खं प्रकरण आहे, त्यात इन्कम टॅक्स आहे, दहावीला जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड. फक्त बऱ्याच वर्गांत ते "सूत्रात किमती टाका" एवढ्यावर उरकतात, खरं बिल कुणी मुलांच्या हातात देत नाही. तक्रार करायची तर याची करा ना.

पायथागोरस म्हणाल तर पाया आखणाऱ्या गवंड्याला विचारा. कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर, खुणांमधलं अंतर 5 आलं की कोपरा काटकोनात.

आता ईएमआय, कारण खरी फसगत इथे होते. 1 लाखाचं लोन, 12 टक्के फ्लॅट (दरवर्षी मूळ पूर्ण रकमेवर व्याज), 2 वर्षं, म्हणजे व्याज 24,000. तेच 12 टक्के घटत्या बाकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच लावले तर व्याज साधारण 13,000 च होतं, कारण फ्लॅटमध्ये फेडून झालेल्या मुद्दलावर पण तुम्ही शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज भरत बसता आणि खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. भाजीच्या हिशोबाने हे कळणार नाही, ईएमआयच्या सूत्रात घातांक आहेत, म्हणजे जे बीजगणित काढून टाका म्हणताय तेच.

आणि नुसता भाजीचा हिशोब पण पुरत नाही हो. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरेंचा अभ्यास 2025 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आला. गिऱ्हाईकाचा हिशोब तोंडी फटाफट करणारी ही पोरं शाळेतल्या पद्धतीची साधी गणितं कागदावर दिली की अडत होती, आणि नुसती शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडत होती. दोन्ही जोडून देणं हे वर्गाचंच काम आहे, त्यातलं एक काढून टाकून कसं चालेल?

अर्थनियोजन शिकवताना मुलांना मोबाइलची "नो कॉस्ट ईएमआय" वाली खरी जाहिरात आणायला सांगा, रोखीची किंमत आणि प्रोसेसिंग फी धरून मोबाइल शेवटी केवढ्याला पडतो ते काढू दे.