अड्यारची मोफत गोळी आणि ब्लड कॅन्सर : एका संदेशाचा प्रतिवाद

‘इमिटिनेफ मर्सिलेट हे औषध ब्लड कॅन्सर बरा करते आणि ते चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये मोफत मिळते, हा संदेश सर्वांना पाठवा’ अशा आशयाचा मजकूर कित्येक वर्षे व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो निव्वळ थाप असता तर निकालात काढणे सोपे होते. अडचण अशी की एका खऱ्या आणि मोलाच्या औषधाची माहिती त्यात मोडतोड होऊन आली आहे.

संदेशातल्या नावाचे औषधच नाही. रोख आहे तो इमॅटिनिब मेसिलेटकडे.

हे औषध सरसकट ‘ब्लड कॅन्सर’वर चालते, हा त्यातला सर्वांत घातक भाग. प्रौढांमधील ल्युकेमियाचेच, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशींच्या कर्करोगाचेच, चार मुख्य प्रकार आहेत आणि इमॅटिनिबचा खरा उपयोग त्यांपैकी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे सीएमएलमध्ये होतो. या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जोडले जातात, हे अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. त्या जोडणीतून बीसीआर-एबीएल हे प्रथिन तयार होते आणि ते अस्थिमज्जेतील पेशींना वाढत राहण्याचा संदेश अखंड देत राहते. इमॅटिनिब या प्रथिनाच्या नेमक्या खाचेत जाऊन बसते आणि तो संदेश बंद पाडते. हाच दोष अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या काही रुग्णांत आढळतो. तिथे केमोथेरपी किंवा अन्य उपचारांच्या जोडीला अशा गटातले औषध देतात. ज्याच्या पेशींत हे प्रथिनच नाही, त्याला ही गोळी देऊन काय साधणार?

अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णाला तर वेळ दवडणेच महागात पडते. त्याचा प्रोमायलोसायटिक हा उपप्रकार असेल, तर हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग उठणे इथपासून मेंदूतील रक्तस्रावापर्यंत मजल काही दिवसांत जाऊ शकते. म्हणून नुसता संशय आला तरी जनुकीय तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता एट्रा हे औषध सुरू करतात. एट्रा आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड यांच्या जोडीने कमी जोखमीचे दहापैकी नऊहून अधिक रुग्ण बरे होतात. अशा माणसाला घेऊन चेन्नईची गाडी पकडणे हे धाडस नव्हे, घात आहे. उलट क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात लक्षणे नसतील तर डॉक्टर पुष्कळदा कोणतेच औषध न देता केवळ नजर ठेवतात, आणि तेच योग्य असते.

‘बरा करते’ हा शब्दही सैल आहे. सीएमएलमध्ये इमॅटिनिबचे यश मोठे आहे, मूळ चाचणीत दहा वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते. पण हे यश रोज घेतलेल्या गोळीचे आहे. नेहमीचा डोस ४०० मिलिग्रॅम, जेवणासोबत आणि पेलाभर पाण्याबरोबर, नाहीतर मळमळ होते. पापण्यांना सूज येते, पायात गोळे येतात, आणि ‘आता रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून काहीजण परस्पर गोळी सोडतात. रक्तात बीसीआर-एबीएलचा किती अंश उरला आहे हे मोजणारी पीसीआर तपासणी ठरावीक महिन्यांनी करायची असते ती यासाठीच. कित्येक वर्षे आजार अगदी खोलवर आटोक्यात राहिला तर काही रुग्णांत देखरेखीखाली औषध थांबवता येते, तरी त्यांतल्या साधारण निम्म्यांना ते पुन्हा सुरू करावे लागते.

राहिला चेन्नईचा मुद्दा. १९५४ मध्ये मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली अड्यारची संस्था नामांकित आहे, पण या औषधाचा मक्ता तिच्याकडे नाही. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे औषध मुळात बाजारात आणणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त जेनेरिक गोळ्यांचा मार्ग निर्धोक झाला. आज या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर महाराष्ट्रातही मिळतात. पैशांची अडचण असेल तर तिकीट काढण्याआधी निदानाचा अहवाल, शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन उपचार चालू असलेल्या रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून काय मिळू शकते ते तिथेच विचारावे.